एम थ्री, एम टू आणि इंचाचे आटे

नवी एसएसडी विकत घेतली की खोक्यात एसएसडी असते, एक घडी घातलेला कागद असतो आणि बहुतेक वेळा बाकी काही नसतं. ती बसवायचे स्क्रू कंपनी देईलच असं नाही. ज्याचा संगणक नवा आहे त्याच्याकडे कॅबिनेटबरोबर आलेली स्क्रूची पिशवी असते. ज्याचा जुना आहे त्याची पिशवी केव्हाच हरवलेली असते. आमच्या वाचनालयातल्या सगळ्याच संगणकांच्या पिशव्या हरवल्या होत्या.

डोंबिवलीतल्या या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदींचं काम मी बरीच वर्षं बघते. संगणक जुने, पण धड होते. त्यांची एकच अडचण होती. सकाळी बटण दाबल्यापासून नोंदींचा पडदा समोर येईपर्यंत सभासद पुस्तक हातात धरून ताटकळत उभे राहायचे. नवे संगणक घेण्याऐवजी आहेत त्यांच्या हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवाव्यात, असं कार्यकारिणीनं ठरवलं. निर्णय योग्यच होता. बहुतेक यंत्रांना अडीच इंची साटा एसएसडी लागणार होत्या आणि अलीकडे घेतलेल्या दोन यंत्रांना एम डॉट टूची पट्टी. बसवायचं काम माझ्याकडे आलं.

‘एसएसडी नुसती आत टाकून द्या, तिच्यात फिरणारं काही नसतं,’ असं मला अनेकांनी सांगितलं. यातला पहिला भाग मला पटत नाही, दुसरा खरा आहे. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ती घट्ट धरलेली नसेल तर थरथर जाणवते, आवाज येतो. एसएसडीचं तसं नाही. थोड्याच ग्रॅम वजनाची ती डबी केबलला लोंबकळत ठेवली तरी काम करते. पण साटाच्या कनेक्टरमध्ये प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते आणि केबलला बसलेला हिसका थेट त्या जिभेवर येतो. वाचनालयात टेबलं सरकतात, केर काढताना सीपीयू इकडचा तिकडे होतो, दिवाळीच्या आधी साफसफाईला तर सगळंच उचललं जातं. ती जीभ मोडली तर आतल्या नोंदी शाबूत असूनही हाताला लागत नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं बसून केलेल्या त्या नोंदी आहेत. त्या दोन पैशांच्या स्क्रूवाचून टांगत्या ठेवायला माझं मन घेईना.

माझे वडील, आप्पा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. निवृत्त होऊन खूप काळ लोटला, पण त्यांचा व्हर्नियर आणि थ्रेड गेज अजून कपाटात असतात, तेलाचा हात दिलेल्या फडक्यात गुंडाळलेले. संगणकाबद्दल त्यांना फारसं काही वाटत नाही, स्क्रूबद्दल वाटतं. वाचनालयात कोणीतरी जपून ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात जुन्या यंत्रांतून निघालेले नाना तऱ्हांचे स्क्रू पडलेले. तो डबा मी घरी आणला आणि वर्तमानपत्रावर ओतला.

‘आधी वेगळे कर,’ आप्पा म्हणाले. ‘जाडीवर जाऊ नकोस. आटे बघ.’

बघायला लागल्यावर ढिगाचे आपोआप दोन ढीग झाले. एका ढिगातल्या स्क्रूंचे आटे जाड, एकमेकांपासून लांब. त्यांची डोकी बहुतेक षट्कोनी आणि त्यातच अधिक चिन्हाची खाच. दुसऱ्या ढिगातले आटे बारीक, दाट, आणि डोकी गोल, बसकी. आप्पांनी दोन ढिगांतला एकेक स्क्रू घेतला, आट्यात आटा बसवला आणि जोडी खिडकीच्या उजेडाकडे धरली. दोन्हींचे आटे सारखे असतील तर मध्ये फट दिसत नाही. सारखे नसतील तर दोन-तीन आट्यांतच उजेड डोकावायला लागतो. या तपासणीला गेज लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या, कुणाला न विचारता ती करता येते आणि मी तेव्हापासून तीच करते.

जाड आट्यांचा स्क्रू म्हणजे अमेरिकन मापाचा ‘सिक्स थर्टी टू’. यातला सहा हा त्या मालिकेतला क्रमांक. व्यास ०.१३८ इंच, म्हणजे जवळपास साडेतीन मिलिमीटर. बत्तीस म्हणजे एका इंचात बत्तीस आटे. मिलिमीटरात मांडलं तर एका आट्यापासून दुसरा ०.७९ वर. बारीक आट्यांचा तो मेट्रिक एम थ्री. व्यास तीन मिलिमीटर, आट्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर. साडेतीन इंची हार्ड डिस्कला सिक्स थर्टी टू लागतो. अडीच इंची डिस्कला आणि म्हणून त्याच आकाराच्या एसएसडीला एम थ्री. सीडी-डीव्हीडीच्या ड्राइव्हलाही एम थ्रीच.

हे दोन स्क्रू दिसायला इतके जवळचे असतात की घाईत एकाच्या जागी दुसरा सहज हातात येतो. एम थ्री जर इंचाच्या भोकात घातला तर तो ढिला राहतो, नीट पकड घेत नाही. त्यात नुकसान काही नाही, लगेच कळतं. उलटं झालं तर मात्र वाईट. सिक्स थर्टी टू एम थ्रीच्या भोकात अर्धा फेरा जातो आणि अडतो. अडल्यावर माणूस स्क्रूड्रायव्हरवर जोर देतो. एसएसडीची डबी ॲल्युमिनियमची किंवा त्याहून हलकी असते. पोलादी स्क्रू तिच्यात स्वतःची वाट कोरत जातो, मूळचे आटे खरवडून निघतात आणि त्या भोकात मग योग्य स्क्रूसुद्धा कधीच धरत नाही. आटे गेले म्हणजे गेले.

म्हणून स्क्रू लावायची आप्पांची पद्धत इथे सांगते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. स्क्रू भोकावर टेकवायचा आणि आधी उलटा फिरवायचा, घड्याळाच्या विरुद्ध. एका जागी तो टुक्कन खाली उतरतो. बरणीचं झाकण लावताना आपण नकळत हेच करतो. तो उतार हाताला लागला की आट्याचं तोंड आट्यासमोर आलं. तिथून सरळ फिरवायचं, पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी. बोटांनी फिरत नसेल तर स्क्रू चुकीचा आहे किंवा तिरका गेला आहे. स्क्रूड्रायव्हर शेवटच्या पाव फेऱ्यासाठी. ‘जोर लावायला लागला की थांब,’ हे आप्पा कारखान्यात नव्या पोरांना सांगत, तेच त्यांनी मला सांगितलं.

संगणकाच्या एकाच पेटीत इंचाचे आणि मिलिमीटरचे आटे शेजारी शेजारी का नांदतात, हे मला कळून घ्यायचं होतं. सीगेटची एसटी-५०६ ही सव्वापाच इंची हार्ड डिस्क १९८० साली आली. तिच्यात पाच मेगाबाइट मावत. ती अमेरिकन, तिचे आटे इंचाचे. पुढे साडेतीन इंची डिस्क आल्या, त्यांच्या बाजूच्या भोकांतही तोच इंचाचा आटा राहिला. अडीच इंची डिस्क १९८८ साली प्रेअरीटेक या कंपनीनं आणली. लॅपटॉपसाठी रूढ झालेल्या त्या लहान आकाराला एम थ्रीचा आटा मिळाला. एसएसडीवाल्यांनी शंभर मिलिमीटर लांब आणि सत्तरच्या आसपास रुंद असा तोच आकार, तीच भोकं उचलली, कारण नवी वस्तू जुन्या लॅपटॉपच्या खोबणीत बसायला हवी होती. आत तबकडी नाही, मोटर नाही, तरी बाहेरची डबी मात्र तबकडीच्या मापाची.

दोन मापांचे आटे शेजारी नांदणं आप्पांसाठी नवं नव्हतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं प्रमाण सुचवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ साली फिलाडेल्फियात आपलं प्रमाण मांडलं, ते ६० अंशांचं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देश एकाच बाजूनं लढत होते, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नव्हता. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्र येऊन ६० अंशांचा सामाईक इंची आटा मान्य केला. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण कारखान्यांतली यंत्रं काही कायद्याबरोबर बदलली नाहीत. आप्पांच्या खात्यात एका लेथवर व्हिटवर्थचे आटे पडत आणि शेजारच्या लेथवर मेट्रिक. दोन्हींच्या नटांची ताटं वेगळी ठेवायची, ही तिथली पहिली शिस्त. हार्डवेअरच्या दुकानात आजही कुणी ‘तीन सूत’ म्हणतो तेव्हा तो इंचाचे आठ भाग पाडून बोलत असतो. संगणकाच्या पेटीत तोच तंटा अजून मिटलेला नाही, एवढंच.

आमच्या जुन्या कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागाच नव्हती. म्हणून साडेतीन इंचाच्या खोबणीत बसणारे पत्र्याचे ब्रॅकेट आणले. एसएसडी ब्रॅकेटला धरायची ती एम थ्रीनं, आणि ब्रॅकेट कॅबिनेटला धरायचं ते सिक्स थर्टी टूनं. एकाच तुकड्यात दोन्ही आटे. आमच्या ब्रॅकेटबरोबर आलेल्या पुडीत दोन्ही तऱ्हांचे स्क्रू एकत्र होते आणि वर काही लिहिलेलं नव्हतं. उजेडात धरून बघण्याची सवय नसती तर मी कुठला कुठे लावला असता कोण जाणे.

आटा जुळला तरी लांबी उरतेच. एसएसडीच्या भोकाची खोली जेमतेम तीन मिलिमीटरच्या आसपास धरून चालावं. पलीकडे लगेच सर्किट असतं. ब्रॅकेटचा पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. म्हणून चार मिलिमीटर लांबीचा एम थ्री, ज्याला दुकानात ‘एम थ्री बाय फोर’ म्हणतात, तो पत्र्यातून जाऊन आतले आटे नीट पकडतो आणि कुठे टेकतही नाही. पाचचा अनेक ठिकाणी चालतो. सहाचा मी लावत नाही. पत्रा मध्ये नसेल, थेट लॅपटॉपच्या पातळ चौकटीत बसवायची असेल, तर तीनचा बरा. लांबी मोजायची ती बसक्या डोक्याच्या स्क्रूची डोक्याखालून आणि पत्र्यात बुडणाऱ्या काउंटरसंक स्क्रूची मात्र डोक्यासकट. हा फरक माहीत नसेल तर मागितलेला स्क्रू आणि मिळालेला स्क्रू यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा घोळ होतो, आणि इथे तेवढा घोळ पुरेसा असतो.

बिस्किटांच्या डब्यातून एम थ्री निघाले, पण सगळ्या यंत्रांना पुरतील इतके नव्हते, आणि बरेचसे लांब. म्हणून मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेले. मशीद बंदर स्टेशनला उतरून चालत जाता येतं. नट, बोल्ट, बेअरिंग, साखळ्या, पाने यांची ही गल्ली. हातगाड्यांच्या मधून वाट काढत जावं लागतं. लोकांना वाटतं संगणकाचा स्क्रू संगणकाच्या दुकानातच मिळणार. तसं नाही. संगणकवाल्याकडे तो पुडीत मिळतो आणि त्याच्यावर माप नसतं. नागदेवीला तो मापानं मिळतो. मी ‘एसएसडीचा स्क्रू’ म्हटलं तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी मान हलवली. ‘एम थ्री बाय फोर, पॅन हेड, फिलिप्स’ म्हटल्यावर त्यांनी न बघता मागच्या खणात हात घातला. ‘मॅडम, ग्रोसमें मिलेगा.’ एक ग्रोस म्हणजे १४४ नग. एवढे आम्हाला जन्मात लागणार नव्हते, तरी घेतले. एका पुडीतल्या मूठभर स्क्रूंना संगणकाच्या दुकानात जेवढे पैसे मागितले होते, त्याच्या आसपासच किंमत झाली. मी एक स्क्रू काढून घरून नेलेल्या नमुन्याशी आट्यात आटा लावून बघितला. काकांनी ते बघितलं आणि ‘कारखाना?’ असं विचारलं. मी वडिलांचं सांगितलं. मग त्यांनी सिक्स थर्टी टूचेही दोन प्रकार समोर ठेवले आणि पत्र्याच्या कॅबिनेटला वॉशरसारख्या रुंद डोक्याचा का बरा, ते समजावून सांगितलं. रुंद डोकं पातळ पत्र्यावर दाब पसरवतं, पत्रा वाकत नाही.

साटाची यंत्रं त्यामुळे भराभर झाली. त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एम डॉट टूनं मात्र दमवलं. ही एसएसडी म्हणजे च्युइंगमच्या आकाराची उघडी पट्टी. २२८० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०. लॅपटॉपमध्ये २२४२ आणि २२३० अशा आखूड पट्ट्याही असतात. पट्टीचं एक टोक मदरबोर्डवरच्या खोबणीत तिरकं सरकवायचं. दुसऱ्या टोकाला अर्धगोल खाच असते. आतल्या स्प्रिंगमुळे ते टोक हवेत वर उचललेलं राहतं. ते बोटानं खाली दाबून खाचेत स्क्रू लावायचा, म्हणजे पट्टी आडवी राहते. स्क्रू एकच. पण तो मदरबोर्डमध्ये थेट जात नाही. खाली पितळेचा किंवा पोलादाचा एक बुटका खांब असतो, स्टँडऑफ. त्याच्या माथ्यावर पट्टी टेकते आणि त्याच्या पोटातल्या आट्यात स्क्रू जातो. बोर्डावर वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्यांसाठी वेगवेगळी भोकं असतात आणि खांब आपल्या पट्टीच्या लांबीप्रमाणे हलवायचा असतो.

आमच्या दोन यंत्रांचे बोर्ड एकसारखे. एकात खांब होता, स्क्रू नव्हता. दुसऱ्यात दोन्ही नव्हते. यंत्रं जुळवून आली तेव्हा एम डॉट टूची जागा रिकामी होती, त्यामुळे बोर्डाच्या खोक्यातली ती इवलीशी पुडी कुणाच्या लक्षातच राहिली नाही.

इथे एम थ्री चालत नाही. बहुतेक बोर्डांवर एम टू लागतो. व्यास दोन मिलिमीटर, आट्यातलं अंतर ०.४, लांबी तीनच्या आसपास, आणि डोकं मात्र रुंद, बसकं, कारण त्यानं खाचेच्या दोन्ही कडा धरायच्या असतात. नेहमीच्या एम टूचं डोकं अरुंद असेल तर ते खाचेतून निसटतं. मापानं बरोबर असलेला स्क्रू डोक्यानं चुकीचा असू शकतो, हे मला इथे समजलं.

स्क्रूची सोय अनपेक्षित ठिकाणी झाली. बंद पडलेला एक जुना लॅपटॉप कपाटात होता. त्याचं वायफाय कार्ड ज्या स्क्रूनं धरलं होतं तो एम टू, तीन मिलिमीटरचा, रुंद डोक्याचा. खांबाच्या आट्यात बोटांनी सहज उतरला. त्याच लॅपटॉपच्या तळातून तसे आणखी निघाले. काहींच्या आट्यांवर निळा लेप होता. स्क्रू थरथरीनं सैल होऊ नये म्हणून तो लावतात. असा स्क्रू सुरुवातीपासून जरा जड फिरतो. बोटांची परीक्षा त्याला लागू होत नाही, म्हणून तो ओळखून बाजूला ठेवावा.

खांबासाठी ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर गेले, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. चांगला खांब काढून नमुना म्हणून बरोबर नेला होता. खांबाची उंची खोबणीच्या उंचीशी जुळावी लागते. तो बुटका असला तर स्क्रू आवळताना पट्टी कमानीसारखी वाकते आणि तिच्यावरच्या चिपांचे डाख दिलेले सांधे ताणले जातात. उंच असला तर पट्टी खोबणीत नीट बसत नाही. शिवाय खालच्या बाजूचा आटा प्रत्येक कंपनीचा सारखा असेलच असं नाही. बऱ्याच दुकानांत ‘चिकटपट्टी लावा, चालतं’ हेच उत्तर मिळालं. मला ते मान्य नव्हतं. जोरात काम करताना या पट्टीवरचा कंट्रोलर सत्तर अंशांच्या पुढे तापू शकतो. त्या उष्णतेत चिकटपट्टीचा गोंद ओघळतो आणि पट्टी पुन्हा वर उचलली जाते. शेवटी जुने बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका मुलानं नमुना हातात घेतला, मेलेल्या बोर्डांच्या खोक्यातून त्याच कंपनीचा बोर्ड शोधला आणि पान्यानं खांब सोडवून दिला. वीस रुपये घेतले. नमुना आणि तो खांब त्यानं काचेवर शेजारी उभे करून वरून पट्टी ठेवून दाखवली. पट्टी हलली नाही.

तो मुलगा चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरत होता. आमच्या ग्रंथपालांना हे पटत नव्हतं. फ्लॉपीच्या दिवसांत चुंबक जवळ नेऊ नये हे सगळ्यांनी घोकलेलं. पण फ्लॉपीवर आणि हार्ड डिस्कवर माहिती चुंबकीय थरात असते, एसएसडीत ती विद्युतभाराच्या रूपात अडकवलेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाच्या चुंबकाचा तिला धोका नाही. उलट एम टू स्क्रू हातातून निसटून मदरबोर्डवर पडला आणि वीज सुरू करताना तिथेच राहिला, तर खरा धोका आहे. मी आता चुंबकाचाच वापरते, एम टूला लहान पीएच झिरोचं टोक आणि एम थ्रीला पीएच वन. मोठं टोक लहान खाचेत घातलं की खाच पुसली जाते. मग तो स्क्रू काढायचा म्हणजे शिक्षा.

अलीकडच्या काही बोर्डांवर स्क्रूच्या जागी प्लॅस्टिकची फिरती कळ आली आहे. ती वळवली की पट्टी अडकते, ना खांब, ना स्क्रू. सोय चांगली आहे आणि सगळ्यांनीच ती स्वीकारावी असं मला वाटतं. पण वाचनालयं, शाळा, ग्रामपंचायती यांच्याकडची यंत्रं बदलायला खूप अवकाश आहे. तोवर खांब आणि एम टू लागणारच.

आता वाचनालयाच्या कपाटात वेगवेगळ्या डब्या आहेत. झाकणावर माप, लांबी आणि कशाला लागतो ते लिहिलंय. प्रत्येक डबीच्या झाकणाला आतून त्याच मापाचा एकेक नट चिकटवला आहे. सुटा सापडलेला स्क्रू कुठल्या डबीचा हे नटात फिरवून बघितलं की कळतं. ही कल्पना आप्पांची. एम थ्रीचा ग्रोस अजून बराच शिल्लक आहे. शेजारच्या शाळेच्या संगणक कक्षातही एसएसडी बसवायचं चाललंय. तिथल्या बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांच्याकडचे स्क्रू अर्ध्यावर अडतात. जोर लावू नका, तसेच ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे. शनिवारी एम थ्रीची आणि सिक्स थर्टी टूची अशा दोन्ही डब्या घेऊन जाणार आहे. आप्पाही येतो म्हणालेत.